बरणीच्या तळाशी उरलंय काय? थेंबाची चाचणी, एक्सआरएफ की फायर अ‍ॅसे

घरी भंगारातून सोनं-चांदी काढणाऱ्याकडे कधी ना कधी एक अनोळखी बरणी साठतेच. माझ्याकडच्या बरणीवर लेबल होतं, पण आम्लाच्या वाफेनं शाई उडाली आणि वाचता येण्याजोगा फक्त '२' उरला. तळाशी दोन बोटं पांढरा साका होता. मी खुशाल ती चांदी धरून चाललो होतो.

अशा वेळी तीन वाटा असतात: घरीच थेंब टाकून बघणं, एक्सआरएफच्या (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राच्या) गनखाली धरणं, किंवा फायर अ‍ॅसेला (नमुना वितळवून त्यातलं सोनं-चांदी तोलायच्या चाचणीला) पाठवणं. चौथी वाट बरेच जण धरतात, 'मुशीत टाकून वितळवू, काय ते कळेल'. ती यादीतून आधीच काढून टाका. चांदीचा असा पांढरा साका म्हणजे बहुधा सिल्व्हर क्लोराइड, आणि ते ४५५ अंश सेल्सियसलाच वितळतं आणि पुढे तापवलं की चांदीसकट धूर होऊन जातं. जुन्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) संपर्कबिंदूंत कॅडमियम असू शकतं, आणि त्याचा धूर फुफ्फुसांना भलताच महागात पडतो.

तिन्ही वाटा एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, निवड करताना गोंधळ होतो तो इथेच. थेंबाची चाचणी 'हे काय आहे' ते सांगते. एक्सआरएफ 'यात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत' ते सांगतं. फायर अ‍ॅसे 'सोनं-चांदी किती' ते सांगतो, बाकीच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पांढऱ्या साक्याला थेंबाच्या चाचणीइतकं स्वस्त आणि नेमकं दुसरं काही नाही. चिमूटभर साका परीक्षानळीत घ्यायचा, वर उकळतं पाणी ओतायचं आणि वरचं नितळ पाणी गरम असतानाच दुसऱ्या नळीत काढायचं. ते थंड होताना पांढऱ्या सुया दिसू लागल्या तर तो शिशाचा क्लोराइड. खात्री हवी तर पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाका, पिवळाधमक रंग येईल. मागे उरलेल्या साक्यावर अमोनिया घाला. विरघळला आणि नायट्रिक आम्लानं आम्लधर्मी केल्यावर दह्यासारखा परत फाटला तर चांदी. अमोनिया पडताच काळा झाला तर पाऱ्याचा संशय घ्या आणि तिथेच थांबा. कशालाच दाद न देणारा, गाळणकागदावर चिकटून बसणारा पांढरा गाळ बहुधा कथलाचा असतो. सोल्डर लागलेला माल थेट नायट्रिकमध्ये टाकला की हमखास होणारा.

अमोनियाबद्दल एक गोष्ट आवर्जून: चांदी विरघळलेलं अमोनियाचं द्रावण 'उद्या बघू' म्हणून ठेवायचं नाही. त्यातून सुटणारा काळा पदार्थ नुसत्या धक्क्यानं फुटतो. चाचणी झाली की लगेच आम्लधर्मी करा.

तपकिरी भुकटीची गोष्ट वेगळी. ती सोन्याची असेल किंवा तांब्याची. धुऊन वाळवलेली चिमूट काचेवर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं दाबून घासा. सोनं असेल तर मातकट रंगातून पिवळी झळाळी उमटते. तांबं नायट्रिकमध्ये निळंहिरवं होऊन विरघळतं, सोनं तसंच राहतं. शेवटची साक्ष स्टॅनस क्लोराइडची (कथलाचा एक क्षार): अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवलेल्या थेंबाला त्यानं जांभळा रंग आला तर सोनं. पण स्टॅनस क्लोराइडचं द्रावण काही आठवड्यांत मरतं, आणि नायट्रिक जास्त उरलं असेल तर रंग येऊनही उडून जातो. म्हणून आधी ओळखीच्या सोन्याच्या द्रावणावर ते तपासून घ्यायचं. उलट बाजूही आहे. ते इतकं हळवं आहे की अगदी अंशमात्र सोन्यालाही रंग दाखवतं. जांभळा डाग बघून बादलीभर पाणी जपून ठेवणारे मी पाहिलेत (एक मीच).

एक्सआरएफचं मोठं काम काळ्या भुकटीवर. काळं म्हणजे कार्बन, कॉपर ऑक्साइड, पॅलॅडियम, अतिबारीक सोनं, काहीही असू शकतं. तिथे थेंब टाकत बसण्यापेक्षा मिनिटभरात यादी मिळालेली बरी. शिसं, पारा, कॅडमियमही त्यात उघडे पडतात. पण ही किरणं पृष्ठभागाच्या काही मायक्रॉनच आत डोकावतात, त्यामुळे मुलामा दिलेली वस्तू भरीव सोन्यासारखी भासते. दुसरी मेख आकड्यांत आहे. दागिन्यांसाठी लावलेल्या मोडमध्ये यंत्र क्लोरीन आणि ऑक्सिजन धरतच नाही, दिसलेल्या धातूंचीच बेरीज १०० करतं. सिल्व्हर क्लोराइडमध्ये चांदी वजनानं ७५ टक्के, पण पडद्यावर जवळजवळ शुद्ध चांदी दिसू शकते. तो आकडा घेऊन सौदा करायला बसू नका.

फायर अ‍ॅसेत नमुना शिशाबरोबर वितळवतात. कपेल, म्हणजे सच्छिद्र वाटी, शिसं शोषून घेतो, मागे सोन्या-चांदीचा मणी राहतो आणि नायट्रिकनं त्यातली चांदी वेगळी करतात. वजनाचा खरा आकडा हवा तर याला तोड नाही. मात्र बरणीत वर एक थर, खाली दुसरा. चमचाभर काढून दिलात तर उत्तर त्या चमच्याचं येईल. सगळा माल वाळवून, खलून, नीट मिसळून मगच नमुना काढा. हा प्रकार घरी करण्याच्या भानगडीत पडू नका, शिशाचा धूर आहे.

माझा हिशोब असा: स्वतःच्या हातचा, पांढरा किंवा तपकिरी, थोडा साका असेल तर थेंबाची चाचणी पुरे. काळा किंवा दहा कामांचा मिसळलेला असेल तर आधी एक्सआरएफ. विकायचा किंवा आपसांत वाटून घ्यायचा असेल तर फायर अ‍ॅसे, तोही आत काय आहे ते कळल्यावर. दुसऱ्या कुणाकडून आलेल्या बरणीला मात्र यातलं काहीच लागू नाही. पीएच पट्टी लावा. द्रावण तीव्र अल्कधर्मी निघालं तर सायनाइड असण्याची शक्यता आहे. त्यावर आम्लाचा एक थेंबही पडला तर विषारी वायू सुटतो. झाकण लावा आणि घातक रासायनिक कचरा घेणाऱ्यांच्या हवाली करा.

माझ्या '२' नंबरच्या बरणीतून गरम पाण्यात काहीच उतरलं नाही. अमोनियानं चिमटीतला जेमतेम चौथा हिस्सा नेला. बाकी सगळं कथील.