काल्पनिक सैन्याच्या हातात काय द्यावं: बुलपप की आखूड कार्बाइन?

कादंबरीसाठी, वेबकथेसाठी किंवा गेमसाठी स्वतःचा देश उभा करणाऱ्यांना नकाशा, झेंडा आणि राजघराणं पटकन सुचतं. गाडी अडते ती शस्त्रापाशी. सैन्याची रायफल आटोपशीर हवी, चिलखती गाडीतून उतरताना दारात अडकायला नको, एवढं पक्कं असतं. पुढे मात्र दोन वाटा फुटतात. नेहमीच्या रायफलची नळी आखूड करून दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, सरकता किंवा दुमडता ठेवला, की झाली कार्बाइन. नळी पूर्ण लांबीची ठेवून मॅगझिन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात ढकलली, की झाली बुलपप.

चित्रकारांचा आणि गेमवाल्यांचा ओढा बुलपपकडे असतो, कारण ती उद्याची वाटते. गंमत अशी की, उद्याचं वाटणारं हे शस्त्र किमान पन्नासच्या दशकाइतकं जुनं आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच देश त्याला निरोप देत आहेत. म्हणून दिसण्यावर न जाता आधी आकडे बघू. मोजमापं मिलिमीटरमध्ये आहेत.

| शस्त्र | एकूण लांबी | नळी |
|---|---|---|
| एम-१६ए२ (पूर्ण रायफल) | सुमारे १,००० | ५०८ |
| एम-४ (कार्बाइन) | ७५६ ते ८३८ | ३६८ |
| एकेएस-७४यू (अतिआखूड कार्बाइन) | ४९० ते ७३५ | २०६ |
| श्टायर ऑग (बुलपप) | ७९० | ५०८ |
| फामास (बुलपप) | ७५७ | ४८८ |
| एल-८५ (बुलपप) | ७८५ | ५१८ |
| टॅव्हॉर टार-२१ (बुलपप) | ७२० | ४६० |

एम-४ आणि फामास या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. दस्ता आत सरकवलेली अमेरिकन कार्बाइन आणि फ्रेंच बुलपप यांच्या लांबीत एका मिलिमीटरचा फरक आहे, पण फ्रेंच नळी १२० मिलिमीटरनं जास्त लांब. बुलपपची सगळी कमाई ती एवढी. बाकी जे आहे ते तिची किंमत.

नळीची लांबी महत्त्वाची, कारण ५.५६ मिमीची हलकी गोळी वेगावर जगते. एम-१६ए२ मधून ती सेकंदाला सुमारे ९५० मीटर वेगानं सुटते, एम-४ मधून ९०० च्या आसपास. हा तोटा सोसण्यासारखा आहे. पण हाव सुटली की काय होतं, ते सोव्हिएत एकेएस-७४यू दाखवते. रणगाड्यातल्या आणि हेलिकॉप्टरमधल्या माणसांसाठी १९७९ साली स्वीकारलेलं हे शस्त्र दुमडलं तर अर्धा मीटरसुद्धा भरत नाही. पण तिच्या गोळीचा वेग मूळ एके-७४ च्या ९०० वरून ७३५ वर येतो, तोंडाशी जाळ आणि आवाज प्रचंड, आणि लांबवर नेम धरण्यात फारसा अर्थ उरत नाही. तुमच्या कथेतला सैनिक अशा शस्त्रानं दरीपलीकडचा पहारेकरी टिपणार असेल, तर तो प्रसंग आताच बदलून टाका.

आता बुलपपची किंमत. लेखकांच्या चुका इथेच जास्त होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

सैनिक भिंतीआड आहे आणि त्याला डाव्या कोपऱ्यातून डोकावून गोळी झाडायची आहे. कार्बाइन असेल तर तो ती डाव्या खांद्याला लावतो आणि भिंतीबाहेर अर्धा चेहराच काढतो. हातात ब्रिटिश एल-८५ असेल तर हे जमत नाही. तिच्या रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे फेकल्या जातात, आणि बुलपपमध्ये ती खिडकी गालाशीच असते. शिवाय गोळी चढवायचा तिचा खटका बोल्टबरोबर, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या तुकड्याबरोबर, पुढे-मागे धावतो. डाव्या खांद्याला लावली तर पुंगळी आणि खटका दोन्ही थेट तोंडावर. त्यामुळे ब्रिटिश सैनिक डावखुरा असला तरी त्याला उजव्या खांद्यावरूनच शिकवतात. डावखुरा ब्रिटिश नायक डाव्या खांद्यावरून एल-८५ चालवताना दाखवलात, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

यावर उपाय निघाले, नाही असं नाही. ऑग आणि टॅव्हॉरमध्ये बोल्ट बदलून पुंगळी डावीकडून काढता येते. फामासमध्येही बाजू बदलण्याची सोय आहे. पण हे काम छावणीत बसून करायचं, गोळीबार चालू असताना नाही. बेल्जियमच्या एफ-२००० नं पुंगळ्या एका नलिकेतून पुढे नेऊन नळीच्या बाजूला टाकल्या. कल्पना झकास, पण संपूर्ण सैन्याची मुख्य रायफल म्हणून ती घेणारा देश म्हटला की स्लोव्हेनियाच आठवतो.

मॅगझिन बदलणं हे दुसरं दुखणं. कार्बाइनमध्ये ते डोळ्यांसमोर, नेम न सोडता होतं. बुलपपमध्ये हात मागे, काखेजवळ न्यावा लागतो. पालथं पडून, अंगात चिलखती जाकीट असताना तर कोपराला जागाच उरत नाही. सरावानं वेग येतो, पण नवख्या सैनिकाची धांदल दाखवायची असेल तर ही जागा हुकमी.

तिसरं म्हणजे चाप. चाप पुढे आणि यंत्रणा मागे, म्हणजे मधे एक लांब दांडी आलीच. तिच्यामुळे चाप दाबताना बोटाला लुसलुशीत, अनिश्चित लागतो. ऑस्ट्रियानं ऑगमध्ये त्यातूनही वेगळी वाट काढली. चाप अर्धा ओढला की एक गोळी, पूर्ण ओढला की सलग फैरी. एकेक की सलग हे ठरवायची वेगळी कळच नाही. मॅगझिनही अर्धपारदर्शक, किती गोळ्या उरल्या ते दिसतं. ऑस्ट्रियन लष्करानं सत्तरच्या दशकाअखेरीस ‘श्टुर्मगेवेअर ७७’ म्हणून स्वीकारलेलं हे शस्त्र आजही कालचं वाटत नाही. माझं मत विचाराल तर सगळ्या बुलपपांमध्ये डोकं शाबूत ठेवून आखलेली ही एकच.

कार्बाइनच्या बाजूला एक शांत फायदा आहे, तो कागदावर कमी भरतो आणि रोजच्या वापरात जास्त. सरकता दस्ता. पाच फूट दोन इंचांची सैनिक आणि सहा फुटी सैनिक तेच शस्त्र वापरू शकतात. छातीवर जाड जाकीट चढलं की दस्ता दोन खाचा आत. बुलपपच्या दस्त्यातच यंत्रणा असल्यानं त्याची लांबी सहसा ठरलेली असते. त्यात पुढे दुर्बीण, टॉर्च, लेझर, ग्रेनेड लाँचर लटकवायची पद्धत आली. बुलपपला पुढे जागाच थोडी. याच काळात अमेरिकेनं आखूड नळीतूनही चांगलं काम करणारी नवी ५.५६ गोळी काढली, आणि लांब नळीचा जो एकमेव मुद्दा होता तोही पातळ झाला.

हे झालं आराखड्याचं. पण सैन्य शस्त्र स्वीकारतं तेव्हा हातात फक्त आराखडा नसतो, आणि कथेला खरा मसाला तिथे आहे.

ब्रिटनची ईएम-२ घ्या. बुलपप, नवी ७ मिमीची मध्यम ताकदीची गोळी, दुर्बीण सोबतच. लेबर सरकारनं १९५१ साली ती ‘रायफल नंबर ९’ म्हणून स्वीकारलीसुद्धा. त्याच वर्षी निवडणूक झाली, चर्चिल परतले, आणि नाटोमध्ये सर्वांचं काडतूस एकच असावं या आग्रहापुढे ईएम-२ गुंडाळली गेली. अमेरिकेला जास्त ताकदीचं ७.६२ मिमीचं काडतूस हवं होतं. ब्रिटननं मग बेल्जियन आराखड्याची, नेहमीच्या बांधणीची एसएलआर रायफल घेतली. आणि ज्या अमेरिकेनं हट्ट धरला, तीच पंधरा वर्षांच्या आत व्हिएतनाममध्ये छोट्या ५.५६ कडे वळली. काल्पनिक रायफलसाठी याहून तयार कथानक मिळणार नाही: शस्त्रात खोट काहीच नाही, फक्त काडतूस मित्रराष्ट्राला मान्य नाही.

एल-८५ ची कथा उलट. १९८५ साली ती स्वीकारली तेव्हा सरकारी शस्त्र कारखाने खासगी हातात जायच्या वाटेवर होते. एनफिल्डचा जुना कारखाना बंद होऊन काम नॉटिंगहॅमला गेलं. आखातातल्या १९९१ च्या युद्धात रेतीनं तिची लाज काढली. मॅगझिन सोडण्याचं बटण अंगाला घासून दाबलं जायचं आणि भरलेलं मॅगझिन खाली पडायचं, ही तक्रार तर प्रसिद्धच. शेवटी २००० नंतर हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीनं सुमारे दोन लाख रायफली आतून बदलून दिल्या आणि मग ती भरवशाची झाली. पण तोवर नाव खराब झालं होतं, आणि ते पूर्ण कधीच धुतलं गेलं नाही.

फ्रान्सच्या फामासला मारलं ते काडतुसानं. तिची यंत्रणा पोलादी पुंगळीच्या फ्रेंच काडतुसांवर बेतलेली. देशातलं उत्पादन थांबलं, बाहेरची पितळी काडतुसं आली आणि कुरबुरी सुरू झाल्या. सेंत-एत्येनचा कारखानाही बंद झालेला, म्हणजे नवीन करायची सोय नाही. २०१६ साली फ्रान्सनं नेहमीच्या बांधणीची एचके-४१६ निवडली. न्यूझीलंडनं ऑग सोडून एआर, म्हणजे एम-१६ च्याच घराण्याची रायफल घेतली. १९९७ साली हाँगकाँगच्या हस्तांतराच्या वेळी जगानं जिला पहिल्यांदा नीट पाहिलं, त्या चिनी क्यूबीझेड-९५ च्या जागी २०१९ च्या संचलनात नेहमीच्या बांधणीची क्यूबीझेड-१९१ अवतरली.

तरीही बुलपप संपली असं म्हणणं घाईचं. सिंगापूरची सार-२१, ऑस्ट्रेलियाची सुधारित ऑग, क्रोएशियाची व्हीएचएस-२ वापरात आहेत. सिंगापूर आणि क्रोएशियात एक गोष्ट सारखी आहे: देश लहान, पण रायफल स्वतःची.

आपल्याकडची वाट तिसरीच. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत आखलेल्या इन्सास कुटुंबात रायफल, हलकी मशीनगन (एलएमजी) आणि कार्बाइन अशी तीन भावंडं योजली होती. पहिली दोन सैन्यात गेली, कार्बाइन मागेच राहिली. विशेष दलांनी इस्रायलची टॅव्हॉर घेतली, पण साध्या पायदळाकडे ब्रिटिश स्टर्लिंगच्या घराण्यातली ९ मिमीची जुनी कार्बाइनच चालू राहिली. एआरडीईनं मग ५.५६ बाय ३० मिमी (गोळीची जाडी बाय पुंगळीची लांबी) या छोट्या काडतुसाची जेव्हीपीसी नावाची कार्बाइन काढली. मॅगझिन पिस्तुलासारखं मुठीत, म्हणून लांबी कमी. बुलपपही नाही आणि कापलेली रायफलही नाही. शस्त्र कानपूरचं, काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. डिसेंबर २०२० मध्ये लष्करी चाचण्या पार पडल्या, केंद्रीय दलांनी आणि काही राज्यांच्या पोलिसांनी खरेदीची पावलं उचलली. पण पायदळाच्या इन्सास रायफलीचं काडतूस ५.५६ बाय ४५. एकाच तुकडीत दोन काडतुसं पोचवायची हा व्याप पुरवठा खातं सहजी पत्करत नाही.

मधल्या काळात परदेशी खरेदीही झाली नाही. २०१८ साली जलद मार्गानं ९३,८९५ कार्बाइनसाठी अमिरातीच्या काराकल कंपनीची निवड झाली आणि २०२० मध्ये ती रद्द झाली. पुढे २०२५ मध्ये सव्वाचार लाखांच्या खरेदीत पुण्याची भारत फोर्ज सर्वांत कमी बोलीची ठरली, एआरडीईबरोबर विकसित केलेली ५.५६ बाय ४५ ची, नेहमीच्या बांधणीची कार्बाइन घेऊन. मागणीचा मसुदा, निविदा, वाळवंटात आणि बर्फात चाचण्या, फेरनिविदा, एल-वन (सर्वांत कमी बोली): मराठीत लष्करी कथा लिहिणाऱ्यानं हा क्रम वगळू नये. आपल्याकडचं निम्मं नाट्य फायलीतच घडतं.

तर ठरवायचं कसं? कथा १९७० ते १९९० च्या काळातली, देश सक्तीच्या लष्करी सेवेचा, कारखाना स्वतःचा, पायदळ चिलखती गाड्यांतून फिरणारं: बिनधास्त बुलपप द्या. ती त्या देशाचा स्वाभिमान दाखवेल आणि नंतर त्याच्या गळ्यातलं लोढणंही होईल. कथा आजची किंवा पुढची, देश कुठल्या तरी आघाडीत, दारूगोळा आणि सुटे भाग शेजाऱ्याकडून येणारे: कार्बाइनच. दिसायला साधी असेल, पण कोणी शंका घेणार नाही. विमानतळावरचे सुरक्षारक्षक, रणगाड्याचे चालक, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींभोवतीचे अंगरक्षक एवढ्यांसाठीच शस्त्र हवं असेल तर जेव्हीपीसीसारखं छोटं काडतूस घ्या, पण ते येणार कुठून हे एका वाक्यात तरी सांगा. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर सैनिकाच्या हातात मी कार्बाइन देईन आणि कादंबरीत बुलपप.

राहिलं नाव. नावात सालाचा आकडा घालणार असाल तर शक्यतो स्वीकृतीचं साल धरा आणि कथेतल्या तारखांशी ते जुळवा. १९८० च्या युद्धात ‘८४’ नावाची रायफल दिसायला नको. अधिकृत नाव कागदावर रुक्षच ठेवा, अक्षरं आणि आकडे, बस. टोपणनाव सैनिकांना ठेवू द्या. फामासवर वरच्या बाजूला मोठी मूठ आहे, तिचा तो अवतार पाहून फ्रेंच शिपाई तिला बिगूल म्हणत.