फॉरवर्ड प्रोग्रेस की सेफ्टी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेतलेला खेळाडू स्वतःच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, आपल्या संघाने राखायच्या पट्ट्यात) आडवा झाला की सेफ्टी: समोरच्यांना 2 गुण, वर पुढची किकही आपणच मारून चेंडू त्यांच्याच हवाली करायचा. पण तो तिथे पोचला कसा, यावर सगळं ठरतं. एंड झोनपासून 1 यार्डाच्या रेषेवर बचावपटूंनी त्याला धरलं आणि रेटत एंड झोनमध्ये नेऊन पाडलं, तर सेफ्टी नाही. त्याने पुढे गाठलेली शेवटची जागा पंच धरतात, चेंडू तिथेच ठेवतात. हीच फॉरवर्ड प्रोग्रेस. मात्र त्या क्षणी अख्खा चेंडू एंड झोनच्या बाहेर हवा. टोक जरी आत असलं तरी सेफ्टी.

तोच खेळाडू टॅकल चुकवायला आपल्या पायांनी मागे पळाला आणि आत सापडला, तर त्याला हे संरक्षण नाही. मला हा फरक फार न्याय्य वाटतो. 2008 मध्ये डेट्रॉइट लायन्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) डॅन ऑर्लोव्स्की व्हायकिंग्जचा बचावपटू जॅरेड ॲलनपासून पळताना एंड झोनच्या मागच्या रेषेबाहेर गेला. कोणी ढकललं नव्हतं, त्यामुळे थेट सेफ्टी. सामना मिनेसोटा व्हायकिंग्जने 12-10 असा जिंकला, बरोबर त्या 2 गुणांनी.