स्टोनी टांगाविझी: नैरोबीत काही महिने प्यायल्यानंतर

कामानिमित्त नैरोबीत राहायला आल्यापासून स्टोनी टांगाविझी नेमाने पितोय. केनिया-टांझानियात सफारीला येणारे आपले बरेच लोक कोला नाहीतर फँटा मागवून मोकळे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेय कोका-कोला कंपनीचंच, पण आपल्याकडे मिळत नाही. आल्याचं आहे. जिंजर बीअर म्हणत असले तरी त्यात दारूचा थेंब नाही. आई इथे आली होती तेव्हा तिने ‘बीअर’ ऐकून ग्लास बाजूला सारला होता. आठवड्याभरात माझ्यातलं अर्धं तीच प्यायला लागली.

पहिल्या घोटाला आधी गोडवा लागतो, मग फसफस नाकात जाते आणि घोट खाली उतरल्यावर घशात आलं चढतं. जिंजर एल या आल्याच्या सौम्य कोल्ड्रिंकसारखा नुसता वास नाही, चांगला झणका आहे. आलेपाकाची वडी चघळून संपल्यावर जी जळजळ मागे रेंगाळते, तीच इथे थंडगार मिळते. घाईने मोठा घोट घेतला तर ठसका ठरलेला. मला हेच आवडतं. बाकीची कोल्ड्रिंक्स निम्म्यावर कंटाळवाणी होतात, ही शेवटपर्यंत जागं ठेवते.

प्यायची तर काचेच्या बाटलीतूनच. प्लास्टिकमधून गॅस हळूहळू निसटत राहतो, काचेतून नाही, आणि या पेयात आल्याचा तिखटपणा आणि गॅस हातात हात घालून चालतात. काचेची बाटली परत द्यावी लागते, त्यामुळे दुकानासमोरच उभं राहून पिणं आलं. गल्लीतल्या दुकानाला पुढे लोखंडी जाळी असते, तिच्यातल्या चौकोनी फटीतून बाटली बाहेर येते. तपकिरी काच, आणि पुन्हापुन्हा भरून, खोक्यात घासून अंगावर उमटलेला पांढुरका पट्टा. पैसे बहुतेक जण एम-पेसाने देतात. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय इथे २००७ पासून आहे, आणि एका बाटलीसाठीसुद्धा कोणी कुरकुरत नाही.

दुकानदार विचारतो, ‘बारिदी आमा मोटो?’ म्हणजे फ्रिजमधली की बाहेरची. नैरोबी साधारण १,७०० मीटर उंचीवर, जून ते ऑगस्ट हवा चांगलीच गार, त्यामुळे बाहेरची पिणारे इथे पुष्कळ. मीही महिनाभर तशी पिऊन पाहिली. आलं जास्त बोचतं हे खरं, पण गारवा गेला की साखरही उघडी पडते. मी पुन्हा बारिदीवर आलो.

गोडपणा हीच माझी एकमेव तक्रार. नुसती प्यायली तर शेवटी जिभेवर चिकटपणा राहतो. अर्धं लिंबू पिळलं की बराच फरक पडतो. आणि आलं आहे म्हणून औषधी समजू नका. घसा धरला असेल तर इथल्या हॉटेलांत ‘दावा’ मागा: गरम पाणी, आलं, लिंबू, मध. मधुमेह असेल त्यांनी दोन्हीपासून लांबच राहावं.

खाण्याबरोबर मात्र स्टोनीला तोड नाही. इथले लोक न्यामा चोमा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, आणि काचुंबरी, म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, यांच्याबरोबर पितात. चरबीचा तवंग एका घोटात उतरतो. मी शाकाहारी, माझी जोडी भजियाशी जमली. बटाट्याच्या पातळ चकत्या, मसालेदार पीठ, कोथिंबीर, वर आंबट चटणी. १८९६ ते १९०१ मध्ये किनाऱ्यावरच्या मोम्बासाहून रेल्वे बांधायला हजारो हिंदुस्थानी मजूर आले, मागोमाग गुजराती दुकानदार आले, आणि चपाती-भजिया इथल्या रस्त्यांवर कायमचे रुजले. पदार्थ ओळखीचा आणि सोबतीला पेय नवं, असा मेळ मला दुसरीकडे मिळाला नाही.

मोम्बासाला गेलात तर फोर्ट जीझस हा पोर्तुगीज किल्ला भर उन्हात पाहून झाल्यावर जुन्या गावात वियाझी कराई खा. पिवळ्या पिठात बुडवून तळलेले बटाटे आणि वर चिंचेची चटणी. सोबत स्टोनी मागवा आणि आधीच सांगा, ‘बारिदी साना’, म्हणजे एकदम गार. तिथल्या दमट उकाड्यात बाहेरची बाटली अजिबात घेऊ नका.