रक्त न तपासता टोचलेलं गोचीड तापाचं इंजेक्शन

श्रावणात आठवडी बाजारातून दुसऱ्या वेताची संकरित गाय घेतली, ८२ हजारांना. व्यापारी म्हणाला, "दादा, गोचीड तापाची लस झालीय, बिनघोर न्या." नवव्या दिवशी तिला १०५ ताप. दूध १४ लिटरवरून ४ वर आलं.

गावात ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात, त्याला बोलावलं. त्याने गायीला नीट हातही लावला नाही. "गोचीड तापच आहे. इंजेक्शन महाग आहे, पण हमखास." साडेचार हजार घेतले. रक्त काही घेतलं नाही. वर "बाकीच्यांनाही आधीच देऊन टाकू" म्हणत त्याच सुईने घरच्या दोन गायींना टोचलं. मीच दावं धरून उभा होतो.

तीन दिवस गेले, ताप हटेना. शेण कडक, डोळ्यांच्या आतली त्वचा आधी पांढरीफटक, मग पिवळी. लघवी गडद पिवळी, पण लाल नाही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे ऐकताच कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवलं. तांबड्या पेशींच्या कडेला बारीक गडद ठिपके. ॲनाप्लाझ्मा.

आपण सरसकट 'गोचीड ताप' म्हणतो, त्यात निदान तीन आजार येतात. थायलेरिया आणि लाल लघवीचा बबेसिया हे एकपेशीय परजीवी. ॲनाप्लाझ्मा मात्र जिवाणू. मी रिकामी बाटली जपून ठेवली होती, ती दाखवली. ब्युपार्व्हाक्वोन. ते थायलेरियावरचं औषध, या जिवाणूवर त्याचा उपयोग नाही. व्यापाऱ्याने सांगितलेली लस खरंच दिली असली तरी तीही थायलेरियाचीच. माझ्या गायीला हवं होतं ऑक्सिटेट्रासायक्लिन, जे त्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं. आईने दुधाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार माणसाला होत नाही, पण औषधाचा अंश दुधात उतरतो, मी सांगेपर्यंत डेअरीला घालू नका.

गोठ्यात कुणी सुई घेऊन आलं तर आधी त्याचा पशुवैद्यक म्हणून नोंदणी क्रमांक विचारा. १९८४ चा कायदा आहे त्यासाठी. १९६२ वर फोन केला तर सरकारी फिरतं पथक येतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. रक्ताची काच तपासल्याशिवाय महागाची बाटली फोडू देऊ नका. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई, यावर अडून बसा.

कारण डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "सुई बदलली होती का?" हा जिवाणू गोचिडासारखाच रक्त लागलेल्या सुईनेही पसरतो, आणि लक्षणं दिसायला तीन-चार आठवडे जातात. विकतची गाय वाचली. चंद्री, आमच्याच गोठ्यात जन्मलेली, आठ वर्षांची, टोचल्यापासून २६ व्या दिवशी तापली. त्याच दिवशी उपचार सुरू केले, पण गाभण होती, अंगात रक्त उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. तो माणूस अजून आमच्या पलीकडच्या वाड्यांवर फिरतोय.