सिलेक्ट रिलेटेड का प्रीफेच रिलेटेड? हळदीच्या पावत्यांवर करून बघितलं

सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी जँगोत (पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) पावत्यांचा प्रोग्राम लिहिलाय. पान उघडलं की 200 पावत्या, प्रत्येकीवर शेतकऱ्याचं नाव आणि खाली पोत्यांची वजनं. आधी साधा लूप फिरवला आणि डीबग टूलबारमध्ये (पानामागं काय चाललंय ते दाखवणारी पट्टी) बघतोय तर 401 क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला 401 वेळा विचारणा! एक पावत्यांची, 200 शेतकऱ्यांच्या, 200 पोत्यांच्या. हमालानं एकेका पोत्यासाठी गोडाऊनला हेलपाटा मारावा तसला प्रकार.

जँगोत यावर दोन उपाय आहेत. सिलेक्ट रिलेटेड डेटाबेसलाच जॉइन करायला, म्हणजे टेबलं जोडून द्यायला लावतं, सगळं एका क्वेरीत येतं, पण फॉरेन की नाहीतर वन टू वन असेल तरच, म्हणजे समोरच्या टेबलातली एकच नोंद जोडलेली असेल तर. पावतीचा शेतकरी एकच, तिथं डोळे झाकून हेच लावा.

प्रीफेच रिलेटेड दुसरी क्वेरी मारतं, पहिलीत मिळालेले आयडी 'इन'मध्ये (यादीतलं कुठलंही चालेल अशी अट) घालून, आणि जोडाजोडी मग पायथॉनमध्ये होते. पोती एका पावतीला ढीगभर, म्हणून तिथं हे. दोन्ही लावली आणि 401 च्या 2 झाल्या.

आता एसक्यूएलअल्केमीवाले (पायथॉनमधली डेटाबेसची दुसरी लायब्ररी वापरणारे) म्हणतील आमच्याकडं जॉइन्डलोडनं पोतीपण त्याच क्वेरीत येतात की. येतात ना, पण पावतीला 40 पोती धरली तर 8000 ओळी, प्रत्येक ओळीत तीच पावती परत परत, आणि वर अडत, हमाली, तोलाई अशा 3 कपातींचं टेबलपण तसंच जोडलं तर थेट 24000, म्हणजे क्वेरी एकच पण पान आधीपेक्षा जड. अशा ठिकाणी त्यांच्यातलं सिलेक्टइनलोड बरं, ते प्रीफेचसारखंच चालतं.

एक अपवाद मात्र आहे. तेच दहाबारा शेतकरी सगळ्या पावत्यांवर असतील आणि शेतकऱ्याच्या टेबलात लांबलचक मजकूर असेल तर फॉरेन कीलासुद्धा प्रीफेच परवडतं, प्रत्येक शेतकरी एकदाच येतो.

बाकी प्रीफेच लावून निवांत झोपू नका हां. मी नंतर फक्त ओल्या हळदीची पोती वेगळी दाखवायला पावतीच्या पोत्यांवर फिल्टर लावला, आणि फिल्टर लावला की जँगो आणून ठेवलेलं बघतच नाही, नवी क्वेरी मारतं. टूलबारवर 202! शेवटी प्रीफेच ऑब्जेक्टमध्येच फिल्टर केलेला क्वेरीसेट (कुठल्या नोंदी आणायच्या ते) दिला, टू अ‍ॅट्रला वेगळं नाव दिलं (आणलेली पोती त्या नावाखाली राहतात), आणि आकडा 3 वर आला.