पेपर मागे घेतला गेला, माझ्या फोल्डरला पत्ताच नाही: खुल्या मेटाडेटासोबतचे आठ महिने

मेटाडेटा, म्हणजे पेपरबद्दलची माहिती (शीर्षक, लेखक, संदर्भ), हा ग्रंथपालांचा विषय, आपला नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. पेपर वाचायचा, पीडीएफ फोल्डरात टाकायची, फाइलला बरंसं नाव द्यायचं, झालं. रिव्ह्यू पेपरसाठी सहाशेच्या वर संदर्भ जमले तेव्हा हा पसारा डोईजड झाला आणि मी तो सगळा झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला. तिसऱ्याच दिवशी एका नोंदीच्या डोक्यावर लाल पट्टी आली: हा लेख मागे घेण्यात आला आहे.

तो पेपर माझ्याकडे चार वर्षं होता. त्यातला एक तक्ता मी मसुद्यात जवळपास जसाच्या तसा वापरला होता. पीडीएफ पुन्हा उघडली, तर पहिल्या पानावर काही नाही, शेवटच्या पानावरही नाही. असणार कुठून? मी ती उतरवून घेतली तेव्हा पेपर धडधाकट होता. त्याचं पुढे काय झालं हे डिस्कवर पडलेल्या फाइलला कळायचं कसं? ते कळतं डीओआयला, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकाला, जोडलेल्या नोंदीला. झोटेरो ही पट्टी दाखवतं ते मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीवरून. ती यादी क्रॉसरेफने (प्रकाशकांच्या डीओआयची नोंदणी करणाऱ्या संस्थेने) २०२३ मध्ये घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली.

मग ओपनअ‍ॅलेक्स या संशोधन पेपरांच्या खुल्या सूचीवर गेले. मायक्रोसॉफ्टने आपला शैक्षणिक आलेख (अशीच पेपरांची मोठी सूची) २०२१ अखेर बंद केल्यावर ती पोकळी भरायला २०२२ मध्ये हे सुरू झालं. सगळा डेटा सीसी-झिरो, म्हणजे कुणाची परवानगी नको. त्या मागे घेतलेल्या पेपरचा हवाला कुणीकुणी दिलाय ते पाहिलं, तर माझ्याच यादीतले आणखी तीन निघाले. दोघांनी प्रस्तावनेत ओझरता उल्लेख केला होता, ते ठेवले. तिसऱ्याचं सगळं गणित त्याच तक्त्यावर उभं होतं. तोही काढला. एक दुपार गेली, पण हेच काम हाताने करायचं तर मी ते केलंच नसतं, हे प्रामाणिकपणे सांगते.

हे जमतं कारण संदर्भसूच्या खुल्या आहेत. त्या खुल्या करा म्हणून २०१७ मध्ये मोहीम सुरू झाली, आणि २०२२ पासून क्रॉसरेफकडे जमा होणारी प्रत्येक संदर्भसूची खुलीच असते. पण ती आधी जमा व्हायला हवी ना! इथे माझी तक्रार सुरू होते.

माझ्या स्वतःच्या एका पेपरची नोंद क्रॉसरेफच्या एपीआयवर, म्हणजे यंत्रांना नोंदी पुरवणाऱ्या पत्त्यावर, उघडली. लॉगिन नाही, पैसे नाहीत. ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे डीओआय चिकटवला की कंसांच्या जंगलात नोंद समोर येते. पेपरात बावन्न संदर्भ, नोंदीत शून्य. सहलेखिकेचं नाव आडनावाच्या रकान्यात आणि आडनाव नावाच्या. आमचे ओरकिड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) सबमिशनच्या वेळी सक्तीने घेतले होते, ते पुढे गेलेच नाहीत. त्या जर्नलला मेल टाकली. उत्तर आलं, 'वेबसाइटवर सगळं बरोबर दिसतंय.' वेबसाइटवर दिसतंय हो, पण यंत्र वेबसाइट वाचत नाही, नोंद वाचतं! क्रॉसरेफ फक्त प्रकाशकाने भरलेलं पुढे देतं; तिथे जाऊन भांडण्यात अर्थ नाही. सहा आठवड्यांनी संदर्भ आणि ओरकिड आले. डीओआय तोच राहिला, नोंद बदलली.

ओरकिडबद्दल एक गंमत. सोळा खुणांमधली शेवटची आधीच्या पंधरांवरून काढलेली असते, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर लगेच पकडला जातो. कधी तिथे एक्स येतो. एका फॉर्मने माझ्या सहकाऱ्याचा एक्स 'फक्त अंक चालतील' म्हणून नाकारला होता!

संस्थांसाठी असाच ओळखक्रमांक म्हणजे आरओआर, २०१९ पासून. चांगलं आहे, पण माझ्या विषयातले फारच थोडे प्रकाशक ते भरतात, म्हणून अमुक संस्थेचं सगळं काम एका झटक्यात मिळेल ही आशा मी सोडली.

आता जपणुकीचं. डीओआय आहे म्हणजे पेपर सुरक्षित, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. डीओआय हा पत्ता; घर कुणीतरी राखावं लागतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टिन ईव्ह यांच्या अभ्यासात ७४ लाखांहून अधिक डीओआय तपासले गेले, आणि त्यांतल्या सुमारे २८ टक्के लेखांची प्रत कुठल्याही मोठ्या डिजिटल संग्रहात सापडली नाही. माझ्या यादीतलं एक छोटं जर्नल असंच बंद पडलं होतं. दुव्यावर टिचकी मारली तर कोरं पान. नोंद मात्र शाबूत होती: शीर्षक, वर्ष, तिन्ही लेखक, आणि एकाचा ओरकिड. त्यावरून त्याची आताची संस्था कळली, मेल टाकली, दोन दिवसांत पीडीएफ आली. सोबत एक ओळ: 'हा पेपर कुणी वाचतंय हे पाहून बरं वाटलं.'

आता माझा नेम ठरलाय. पेपर छापून आला की आठवड्याभरात त्याची नोंद उघडायची आणि संदर्भ मोजायचे. सहलेखिकेचं नाव-आडनाव अजून उलटंच आहे. काल तिसरी मेल टाकली.