कॅलिब्रेशनच्या नावाखाली 50,726 रुपयांना गंडलो

आकडा आधी सांगतो, कारण पोलीस स्टेशनला सांगितला तेव्हा समोरचा हसला होता. 36,226 कॅलिब्रेशन (मशीन बरोबर मोजतंय का हे तपासणं) आणि एएमसीचे (वर्षभराच्या देखभालीच्या कराराचे), 14,500 एका मशीनच्या लॅम्पचे, टोटल 50,726. मोठ्या कंपनीत ही चहापाण्याची रक्कम असेल, माझी नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात माती-पाणी तपासायची छोटी लॅब आहे, मी, एक असिस्टंट मुलगी आणि सहा इन्स्ट्रुमेंट.

सप्टेंबर चालू, ऑक्टोबर छाटणीच्या आधी सँपलचा नुसता ढीग, त्यात एका एक्सपोर्टरने एनएबीएलवाली, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा सिम्बॉल असलेली कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितली. नेहमीचे कॅलिब्रेशनवाले म्हणाले तीन आठवडे थांबा, आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात. नंबर ओळखीच्या केमिकल सप्लायरने दिलेला, रस्त्यावरून उचलून आणला नव्हता, हे आधीच सांगतो कारण प्रत्येकजण तेच विचारतो. दर पण शंका यावी इतका स्वस्त नव्हता. काटा 1,800, पीएच आणि ईसी (पाण्यातले क्षार दाखवणारं) मीटर प्रत्येकी 1,200, स्पेक्ट्रो (प्रकाशावरून नायट्रेट वगैरे मोजणारं मशीन) 3,500, फ्लेम फोटोमीटर (ज्योतीवरून पोटॅश वगैरे मोजणारं) 3,000, ओव्हन 2,000, वर्षाची एएमसी 18,000 आणि वर 18 टक्के जीएसटी. फर्मच्या अकाउंटला काहीतरी प्रॉब्लेम आहे म्हणून पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर युपीआय केले. हो, केले. बिल दुसऱ्याच्या नावाचं आणि पैसे तिसऱ्याला असं कधीही करू नका.

सहाच्या सहा मशीन दीड तासात उरकली. अहो नुसता ओव्हन 105 डिग्रीला जाऊन स्थिर व्हायला किती वेळ लागतो हे मला माहीत नाही का? काट्याची वजनं चिमटा न वापरता उघड्या बोटांनी उचलत होता, तेव्हा तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण बाहेर शेतकरी बाटल्या घेऊन उभे, मी आत-बाहेर करतोय, कुठे कुठे बघणार.

आणि आता ती गोष्ट जी आठवली की अजून रात्री झोप उडते. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडला (द्रावणात बुडवायच्या काडीला) आम्ही केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडचं पाणी भरलेलं टोपण लावून ठेवतो, चार दिवसांनी त्याच्या कडेला पांढरी खारट पपडी धरते. तो गेल्यावर असिस्टंट म्हणाली, "सर, त्यांनी टोपण काढलंच नाही वाटतं, पपडी तशीच आहे." आणि मी तिला काय म्हणालो तर "अगं पुसून परत लावलं असेल, तू सँपल लाव." पुसलं असतं तर पपडी राहिली असती का? दोन दिवसांनी सर्टिफिकेट आलं, बफर (पीएच आधीच ठरलेलं द्रावण) 4.01 ला रीडिंग 4.01, 7.00 ला 6.99, 10.01 ला 10.02. टोपणातून! बीएस्सी केमिस्ट्री केलेल्या माणसाने ते पंच करून फाईलला लावलं.

लॅम्पचं तर विचारूच नका. स्पेक्ट्रोची ड्युटेरियम लॅम्प 1,180 तास चालली, बदलायलाच पाहिजे म्हणाला, आणि ते खरंच पटण्यासारखं होतं, नायट्रेट 220 नॅनोमीटरला घेतो तिथे एनर्जी कमी पडतच होती. चहा सांगायला बाहेर गेलो तेवढ्यात "बदलली", स्क्रीनवर तास शून्य. नंतर दुसऱ्या इंजिनिअरने कव्हर उघडलं तर जुन्या लॅम्पच्या वायरवर माझ्याच अक्षरात तारीख लिहिलेली टेप. फक्त काउंटर रिसेट केलेला, 14,500 रुपयांत. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

कळलं कसं तर डिसेंबरमध्ये. एका शेतकऱ्याच्या बागेत पानांच्या कडा करपायला लागल्या, त्याने दुसरीकडे पाणी तपासलं, ईसी 1.6, माझ्या रिपोर्टवर 0.8. द्राक्षाला पाण्याचा ईसी 1 च्या वर गेला की त्रास सुरू होतो, म्हणजे मी त्याला वाईट पाणी चांगलं म्हणून दिलं. तो म्हणाला, "सर, तुमच्या मशीनने पाणी गोड केलं का?" आणि मी आधी त्याच्याशीच भांडलो, बाटली नीट धुतली नसेल म्हणून. मग 1413 मायक्रोसिमेन्सची, म्हणजे ईसी आधीच ठरलेल्या द्रावणाची नवीन सीलबंद स्टँडर्ड बाटली फोडली, मीटरवर 706. सेल कॉन्स्टंट (मीटर ज्या आकड्याने रीडिंगला गुणतो तो) 1.00 चा 0.50 करून गेलेला, काहीतरी बटणं दाबायची म्हणून दाबली असणार. हो, रोज स्टँडर्ड लावायला हवं होतं, बाटली संपलेली होती आणि नुकतंच कॅलिब्रेशन झालंय म्हणून टाळलं. माझंच चुकलं, मान्य.

मग सर्टिफिकेट घेऊन बसलो. सिम्बॉलखालचा सीसी नंबर (कॅलिब्रेशन लॅबचा मान्यता नंबर) एनएबीएलच्या साइटवर टाकला तर लॅब भलत्याच राज्यातली. यूएलआर नंबरमध्ये (प्रत्येक सर्टिफिकेटचा स्वतंत्र नंबर) त्याच लॅबचा नंबर असायला पाहिजे, तो तिसराच. जीएसटी नंबर पोर्टलवर रद्द दाखवतोय, लॉगिन पण लागत नाही बघायला, पाच मिनिटांचं काम, म्हणजे 5,526 जीएसटी पण त्याच्याच खिशात. तुमच्या सर्टिफिकेटवर मशीनचा सिरीयल नंबर तरी जुळतो का बघा, माझ्या काट्याचा दोन आकड्यांनी वेगळा होता आणि मी ते टायपिंग मिस्टेक समजलो.

पोलीस स्टेशनला तीन चकरा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी "मशीन जागेवर आहे ना, मग चोरी काय झाली?" कॅलिब्रेशन म्हणजे काय हे मी काट्याचं उदाहरण देऊन वीस मिनिटं समजावलं, तर म्हणे वजनमापेवाल्यांकडे जा. तिथे गेलो तर आमचा शिक्का व्यापाराच्या काट्याला, लॅबच्या मशीनशी आमचा संबंध नाही. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्ही समोर बसवून दिलेत, ओटीपी नाही, लिंक नाही, हे आमच्यात बसत नाही. ग्राहक तक्रारीला विचारलं तर धंद्यासाठी घेतलेली सर्व्हिस आहे, तुम्ही ग्राहक नाही. बँकेत सांगितलं तर पेमेंट तुमच्या संमतीने झालंय. तिसऱ्यांदा पोलिसांत गेलो, फसवणुकीचं कलम नवीन कायद्यात 318 आहे, जुनं 420, एफआयआर घ्या म्हटलं, तर "तुम्हीच वकील झालात की" आणि साध्या अर्जावर पोच मारून दिली. दिवाणी मॅटर आहे म्हणे. खोटा सिम्बॉल छापणं दिवाणी कसं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

त्याचा फोन बंद. केमिकलवाला म्हणतो मी फक्त नंबर दिला होता.

त्या काळातली पाण्याची 63 सँपल परत फुकटात तपासून देतोय. 54 जणांना फोन करून झाले, निम्म्यांनी शिव्या घातल्या, उरलेल्यांनी बाटली पाठवली. 9 जणांचे नंबर अजून लागत नाहीत.